जमिनीवर किती टन टेकवायचे: रणगाडे उतरवणाऱ्या जहाजाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नौदलाचं रणगाडे उतरवणारं जहाज, म्हणजे एलएसटी, पुळणीवर चढलेलं व्हिडिओत पाहिलं. एवढं अवजड जहाज वाळूत रुतलं तर परत कसं निघतं? पुढची दारं सताड उघडल्यावर पाणी आत का शिरत नाही? जहाज किनाऱ्याला टेकलेलं असतानाही मागे प्रॉपेलर पाणी घुसळत होते, म्हणजे ते सुटायची धडपड करत होतं का? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा लहान बोटींनी माल का उतरवत नाहीत?

चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच आकडा आहे. टेकलेल्या जहाजाच्या वजनापैकी किती टन जमिनीवर आलेत, हा तो आकडा. बाकीचं सगळं वजन तेव्हाही पाणीच उचलून धरत असतं. व्हिडिओत जहाज वाळूवर बसल्यासारखं दिसतं, पण बेत नीट जमला असेल तर दोन-अडीच हजार टनांच्या जहाजाचे फार तर पन्नास ते शंभर टन जमिनीवर असतात, तेही फक्त पुढच्या टोकाखाली. ‘रुतलं’ हा शब्द त्याला लागू होत नाही. हाच आकडा तीनशे-चारशे टनांवर गेला की मात्र ते खरोखर रुतलेलं असतं आणि स्वतःच्या बळावर निघत नाही.

किनाऱ्याचा उतार, वाळूचा प्रकार, भरती-ओहोटीचा फरक, वारा आणि प्रवाह यांच्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. म्हणून पुढचे आकडे ढोबळ धरा. हिशेबासाठी दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी एलएसटी घेतो, कारण त्याची मापं सर्वांना उपलब्ध आहेत आणि नंतरची बहुतेक जहाजं त्याच कल्पनेवर उभी आहेत.

हे जहाज ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद, म्हणजे अंदाजे १०० मीटर बाय १५ मीटर. डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटिशांना असं जहाज हवं होतं की जे महासागर ओलांडेल आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवेल. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. महासागरात जहाज पाण्यात पुरेसं खोल बसलेलं हवं, नाहीतर ते लाटांवर आपटतं आणि प्रॉपेलर हवेत येतात. किनाऱ्यावर मात्र ते जितकं उथळ बसेल तितकं चांगलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचे जॉन नीडरमायर यांनी यावर जो तोडगा काढला तो पाणबुडीच्या बॅलास्ट टाक्यांसारखा होता. पोटात मोठ्या टाक्या ठेवायच्या, समुद्रात त्या भरून जहाज खोल बसवायचं आणि किनाऱ्याजवळ आल्यावर उपसून ते वर उचलायचं.

परिणाम आकड्यांत बघा. समुद्रात पूर्ण भरलेल्या अवस्थेत जहाज पुढे सुमारे ८ फूट आणि मागे १४ फूट पाण्यात असतं, वजन ४,०८० टन. किनाऱ्याला लागताना पुढे जेमतेम ४ फूट, मागे १० फूट, वजन सुमारे २,३५० टन. बंदरातून बंदरात जायचं तर हे जहाज १,६०० टनांहून जास्त भार घेऊ शकतं, पण पुळणीवर उतरवायचा तर फक्त ५०० टन. जहाजाची ‘क्षमता’ म्हणून एखादा आकडा कोणी सांगितला तर तो बंदराचा की पुळणीचा, हे आधी विचारावं. अर्धे वाद तिथेच मिटतात.

मागचा भाग पुढच्यापेक्षा ६ फूट खोल, आणि लांबी ३२८ फूट. म्हणजे जहाजाचा तळ साधारण ५५ फुटांना १ फूट या उतारावर असतो. हा उतार मुद्दाम ठेवलेला आहे. पुळणीचा उतार याहून तीव्र असेल, समजा ३० ला १, तर आधी पुढचं टोक टेकतं आणि मागचा भाग मोकळा तरंगत राहतो. हवं असतं तेच. रॅम्पच्या टोकाशी पाणी मीटरभर किंवा कमी राहतं आणि प्रॉपेलर खोल पाण्यात सुरक्षित असतात.

आता पुळण १०० ला १ इतकी सपाट आहे असं धरा. मागचा भाग ३ मीटर खोल आहे, तो टेकेल तेव्हा १०० मीटर पुढे, रॅम्पपाशी, पाणी २ मीटर असेल. म्हणजे जहाज शेपटीवर टेकलं आणि डोकं तरंगतंय. सुकाणू आणि प्रॉपेलर वाळूत, आणि रणगाडा उतरवायचा तर २ मीटर पाण्यात. टी-७२ सारखा रणगाडा विशेष तयारी न करता साधारण १.२ मीटर पाणी ओलांडतो, आणि पाठीवर ओझं घेतलेल्या जवानाला तेवढंही जास्त होतं. अशा ठिकाणी जहाज जबरदस्तीने पुढे दामटायचं नसतं. मध्ये तरंगता पूल लागतो. १९४३ मध्ये सिसिलीत एलएसटींच्या दोन्ही कुशींना पाँटूनचे, म्हणजे पोकळ तरंगत्या पेट्यांचे, लांब पट्टे बांधून नेले होते ते यासाठीच.

उतारापेक्षाही वाईट म्हणजे वाळूचा दांडा. किनाऱ्याला समांतर एक उंचवटा असतो आणि त्याच्या आत, किनाऱ्याकडे, खोल चर. जहाज दांड्यावर टेकतं, समोर पुळण अगदी जवळ दिसते, आणि मध्ये माणूस बुडेल इतकं पाणी असतं. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारजवळ आपल्या नौदलाने केलेल्या लँडिंगमध्ये हेच आडवं आलं आणि जवान बुडाले. वरून पाहून चर ओळखता येईलच असं नाही. लाट एकदा फुटून, मध्ये शांत होऊन, पुन्हा किनाऱ्याशी फुटत असेल तर संशय घ्यावा, पण खात्री फक्त प्रत्यक्ष खोली मोजून होते. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याआधी, १९४३ च्या शेवटच्या रात्री, ब्रिटिश पथकातले दोघे पोहत जाऊन किनाऱ्यावरच्या वाळूचे नमुने घेऊन आले होते. वरवर पक्की दिसणारी वाळू खाली मऊ असेल तर रणगाडा जहाजातून उतरतो आणि दहा मीटरवर अडकतो, आणि त्याच्यामागचं सगळं जहाजातच राहतं.

आता मूळ हिशेबाकडे. या मापाचं जहाज एक सेंटिमीटर वर उचलायला साधारण १३ टन लागतात. पडताळा हवा असेल तर समुद्रातल्या आणि किनाऱ्यावरच्या वजनातला फरक, सुमारे १,७०० टन, घ्या आणि सरासरी खोलीतल्या फरकाने, सुमारे १३० सेंटिमीटरने, भागा. ओहोटीने पाणी एक सेंटिमीटर उतरलं आणि सगळा तळ जमिनीला लागलेला असेल, तर जमिनीवरचं वजन १३ टनांनी वाढतं. पण फक्त पुढचं टोक टेकलेलं असेल तर जहाज त्या टोकाभोवती किंचित फिरतं, मागचा भाग पाण्याबरोबर खाली जातो, आणि वाढ होते ती एक चतुर्थांशाच्या आसपास, म्हणजे सेंटिमीटरला जेमतेम ३ टन. हा चौपटीचा फरक हेच एलएसटीच्या कलत्या तळाचं खरं कारण आहे. रॅम्प कोरडा पडावा म्हणून तळ कलता ठेवतात असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण परत निघण्यासाठी त्याचा उपयोग जास्त.

उदाहरणच घ्या. टेकल्यावर पाणी ३० सेंटिमीटर उतरलं. टोकावर टेकलेल्या जहाजाचे साधारण ८५ टन जमिनीवर आले. वाळूवर घर्षणाचा गुणांक ०.३ ते ०.४ धरतात, म्हणजे मागे ओढायला सुमारे ३० टन जोर हवा. या जहाजाला ९०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं होती. प्रॉपेलर उलटा फिरवला की त्याची ओढ सरळ फिरतानाच्या मानाने बरीच कमी पडते, म्हणून इंजिनांकडून १० ते १५ टन धरावेत. उरलेली ओढ मागच्या नांगराच्या विंचने, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राने, द्यायची. हिशेब कसाबसा जमतो. तेच जहाज पूर्ण तळावर बसलं असतं तर जमिनीवर ३९० टन आणि ओढ हवी १३५ टनांच्या पुढे. तेव्हा टगबोटी बोलवा किंवा पुढच्या भरतीची वाट बघा, तिसरा मार्ग नाही. चिखलात घर्षण कमी असतं, पण चिखल तळाला धरून ठेवतो, त्यामुळे पहिल्या हालचालीला जास्त जोर लागतो. खडकाचं किंवा प्रवाळाचं तर बोलूच नये, तिथे टेकायचंच नसतं.

म्हणून वेळ भरतीवरून ठरवतात. सर्वसाधारण नियम असा की पाणी चढत असताना, पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी टेकायचं. उतरवण्याचं काम चालू असताना पाणी वाढतच असतं, म्हणजे वेळ आपल्या बाजूने असतो. ऐन भरतीच्या माथ्यावर टेकणं म्हणजे पुढचा प्रत्येक मिनिट विरोधात. त्यातही उधाणाच्या सर्वांत मोठ्या भरतीच्या माथ्यावर चढून बसणं ही सर्वांत महागडी चूक, कारण त्यानंतर भांगाकडे, म्हणजे सर्वांत लहान भरतीच्या दिवसांकडे, जाताना रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा कमी चढते आणि जहाज पंधरवडाभर तिथेच राहू शकतं.

याला एक अपवाद आहे. भरती-ओहोटीत पाच-सहा मीटरचा फरक असेल तर जहाज ओहोटीच्या सुरुवातीला मुद्दाम टेकवून पूर्ण कोरडं पडू देतात, चाकांची वाहनं कोरड्या वाळूवरून आरामात खाली जातात, आणि पुढच्या भरतीला जहाज आपोआप तरंगतं. नॉर्मंडीत हे सर्रास केलं गेलं. त्याआधी जहाजाचा कणा मोडेल अशी भीती होती. तळ सपाट आणि वाळू सपाट असेल तर मोडत नाही. वाळूत खड्डा असेल आणि जहाजाचा मधला भाग अधांतरी राहिला, किंवा उलट मध्ये उंचवटा आला, तर मात्र प्लेटी वाकतात. म्हणून आदल्या ओहोटीला ती जागा डोळ्यांनी पाहिलेली असावी.

मागचा नांगर हा या जहाजाचा निम्मा जीव. किनाऱ्यापासून दोन-तीन जहाजलांबी अंतरावर तो टाकतात आणि पुढे जाताना तार सोडत राहतात. विंचचा ब्रेक किंचित आवळलेला ठेवायचा. पूर्ण ढिला सोडला तर तार सैल पडते, प्रॉपेलरकडे ओढली जाते, आणि मग निघण्याची दोन्ही साधनं एकमेकांत अडकून एकदमच निकामी होतात. फार जवळ टाकला तर तार उभी पडते आणि ओढताना नांगर उचकटून येतो. किनाऱ्याला समांतर प्रवाह असेल तर नांगर वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे टाकायचा. नांगराचा आकारही महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात लँडिंगच्या बोटींवर डॅनफोर्थ नांगर इतका चालला, कारण स्वतःच्या वजनाच्या मानाने त्याची वाळूतली पकड फार मोठी असते.

आता प्रॉपेलरच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ते जहाज सुटायची धडपड करत नव्हतं, जागेवर राहायची करत होतं. टोकावर टेकलेल्या जहाजाचा मागचा भाग मोकळा असतो. तिरकी लाट किंवा प्रवाह त्याला ढकलून किनाऱ्याला समांतर आडवा पाडू पाहतो. एकदा जहाज आडवं पडलं की सगळी कूस लाटांसमोर येते, तळाची पूर्ण लांबी टेकते, आणि वरचा ३९० टनांचा हिशेब लागू होतो. हे टाळायला मागच्या नांगराची तार ताठ ठेवायची, इंजिनं सावकाश पुढे चालू ठेवायची आणि सुकाण्याने शेपूट सरळ धरायची. अशा वेळी तार आणि इंजिन एकमेकांविरुद्ध ओढत असतात आणि त्या ताणावर जहाज स्थिर राहतं. दोन प्रॉपेलर असल्यामुळे एक पुढे आणि एक मागे चालवूनही शेपूट वळवता येते.

उतरवताना जहाजाचं वजन सारखं बदलत असतं, आणि हा भाग बाहेरून दिसत नाही. ४२ टनांचा रणगाडा जहाजाच्या मध्यावर उभा असताना त्याचा साधारण चौथा हिस्सा, दहा टन, पुढच्या टोकावर येतो. तोच रॅम्पच्या बिजागरीपाशी आला की जवळजवळ सगळे ४२ टन टोकावर. तो खाली उतरला की ते ४२ टन एकदम नाहीसे. प्रत्येक रणगाड्यामागे पुढचं टोक आधी घट्ट बसतं आणि मग सैल होतं. चार-सहा रणगाडे गेले की जहाज इतकं हलकं होतं की तरंगू लागतं, आणि नेमका तेव्हा पुढचा रणगाडा रॅम्पवर असेल तर मागे सरकलेल्या जहाजाचा रॅम्प त्याच्याखालून निघून जातो. म्हणून उतरवताना पुढच्या टाक्यांत पाणी भरत राहायचं, जमिनीवरचं वजन पन्नासेक टनांवर टिकवायचं. शेवटचं वाहन गेलं, रॅम्प उचलला, की तेच पाणी उपसायचं. पंपांना लागणारा वेळ आधीच मोजून ठेवायचा, कारण भरती थांबत नाही.

रॅम्पचं टोक जमिनीवर बसलेलं असणं आवश्यक आहे. ते अधांतरी राहिलं तर रणगाड्याचा सगळा भार साखळ्या आणि बिजागरीवर येतो. लाटांमुळे टोकाखालची वाळू खरवडून जाते, म्हणून दर काही वाहनांनंतर तिथे माणसाने बघायला हवं. साखळीपट्ट्यांची वाहनं मऊ वाळूत निभावतात. आधी फसतो तो ट्रक. पहिल्या फेरीत बुलडोझर किंवा रिकव्हरी वाहन पाठवून वाळूवर जाळी अंथरली की बाकीच्यांचा मार्ग मोकळा होतो.

निघताना क्रम ठरलेला आहे. आधी विंचने तार ताणायची, मग दोन्ही इंजिनं मागे. लगेच पूर्ण जोर लावला तर प्रॉपेलरचा प्रवाह तळाखालची वाळू उचलून पुढे लोटतो आणि कधी कधी तिचाच ढीग टोकापाशी साचतो. सावकाश वाढवत न्यायचं, लाट टोकाखाली आली की त्या क्षणी ओढ वाढवायची. हलत नसेल तर शेपूट थोडी डावी-उजवी करून तळ मोकळा करतात. पण मर्यादेत, नाहीतर तेच आडवं पडणं. सुटल्यावर वळायची घाई करायची नाही. नांगर वर येईपर्यंत सरळ मागेच जायचं.

आता दारं. बाहेरून दिसणारी दोन मोठी दारं मुळात पाणी अडवण्यासाठी नसतातच. ती जहाजाच्या नाकाला आकार देतात आणि लाटेचा मारा झेलतात. खरा अडसर त्यांच्या आत आहे. उभा उचललेला रॅम्प कडेने रबरी गास्केटवर दाबून बसवतात, आणि पाणी अडतं ते तिथे. नंतरच्या काही जहाजांत रॅम्पच्या मागे आणखी एक दार असतं. शिवाय रणगाड्यांचा डेक बॅलास्ट टाक्यांच्या वर असतो. किनाऱ्याला लागताना जहाज वर उचललेलं असल्यामुळे तो पाण्याच्या पातळीच्या वर येतो, म्हणून दारं उघडली तरी आत येतात ते फक्त लाटांचे शिंतोडे. ते डेकवरच्या निचऱ्यातून जातात.

खोल समुद्रात मात्र हा डेक जहाजाचा सर्वांत नाजूक भाग. रणगाडे पुढून मागे सरळ जावेत म्हणून त्यात आडव्या भिंती घालता येत नाहीत. ७० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद डेकवर फक्त १० सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते ६५ टन होतं. त्या वजनाने काही बिघडत नाही. बिघडतं ते पाणी एका कुशीकडून दुसरीकडे धावल्यामुळे. जहाजाच्या स्थिरतेचं माप असलेली मेटासेंट्रिक उंची या मोकळ्या पाण्याने सुमारे एक मीटरने घटते. एलएसटी रुंद आणि सपाट, त्यामुळे त्याच्याकडे मुळातच ही उंची भरपूर असते, आणि डेकच्या दोन्ही अंगांना जवानांचे आणि सामानाचे बंद कप्पे असतात, ते जहाजाला तरंगतं ठेवतात. याच कल्पनेतून पुढे आलेल्या प्रवासी फेरीबोटींना अशी राखीव शिल्लक नव्हती. मार्च १९८७ मध्ये हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरीबोट पुढची दारं उघडी ठेवून झेब्रुगा बंदरातून निघाली आणि काही मिनिटांत कलंडली, १९३ माणसं गेली. सप्टेंबर १९९४ मध्ये एस्टोनिया या फेरीबोटीचा पुढचा व्हायझर, म्हणजे वर उचलला जाणारा नाकाचा भाग, वादळात तुटला, ८५२ गेली. दार किती मजबूत आहे यापेक्षा ते पूर्ण बसलंय की नाही हे ब्रिजवर दिव्याने दिसतं का, हा प्रश्न मी आधी विचारतो.

बॅलास्ट भरता-उपसतानाही हेच मोकळ्या पाण्याचं दुखणं असतं. सगळ्या टाक्या एकदम अर्ध्या करायच्या नाहीत. डाव्या-उजव्याची एक जोडी पूर्ण संपवून मग पुढची घ्यायची.

बांधणीबद्दल थोडं. तळ सपाट, मधला कणा बाहेर आलेला नाही, पुढच्या भागातल्या प्लेटी जाड आणि फ्रेम जवळजवळ. प्रॉपेलर आणि सुकाण्यांच्या खाली किंवा पुढे स्केग, म्हणजे तळाला जोडलेली मजबूत पाती, त्यामुळे टेकलं तरी आधी ती टेकतील. तळातून बाहेर येणारं काहीही नको. वेग मोजणारं यंत्र, खोली मोजणारा इको साउंडर, सगळं प्लेटच्या पातळीत. समुद्राचं पाणी आत घेण्याची तोंडं दोन ठिकाणी असावीत. एक खालचं, प्रवासासाठी. दुसरं कुशीवर उंच, टेकलेलं असताना वापरायला. खालचं उघडं राहिलं तर वाळू थेट गाळण्यांत जाते, इंजिनाचं थंड पाणी तुटतं, आणि निघायच्या ऐन वेळी इंजिन तापून बंद पडतं. काही जहाजांत टेकलेलं असताना बाहेरचं पाणी पूर्ण बंद करून टाकीतलंच पाणी फिरवतात. टाकीची मर्यादा लक्षात ठेवली तर हा उपाय जास्त खात्रीचा.

सपाट तळाची किंमत वेगात आणि झोपेत मोजावी लागते. बोथट नाक लाटेवर आपटतं, भरपूर मेटासेंट्रिक उंचीमुळे डोल झटकेदार असतो, आणि त्या जुन्या जहाजांचा वेग १२ नॉटच्या आत. पण त्याच साध्या आकारामुळे ती पटापट बांधता आली. सपाट पत्रे, वेल्डिंग, वक्र भाग कमीत कमी. समुद्रापासून शेकडो मैल आत, ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठी, पूल बांधणाऱ्या कंपन्यांनी ती बांधली, आणि उथळ असल्यामुळे ती नदीवाटेच समुद्रात उतरली. अमेरिकेने अशी १,०५१ बांधली.

आपल्या शार्दूल वर्गाची जहाजं कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेली, १२५ मीटर लांब, साडेसतरा मीटर रुंद, पूर्ण भारासह सुमारे ५,६५० टन. त्यातलं पहिलं जानेवारी २००७ मध्ये नौदलात आलं. ११ रणगाडे, १० वाहनं आणि ५०० जवान अशी त्यांची क्षमता सांगितली जाते. गणित तेच, फक्त सेंटिमीटरमागचे टन जास्त, साधारण १८. वेगासाठी अमेरिकेने १९६९ पासून न्यूपोर्ट वर्गात वेगळा मार्ग धरला. टोकदार नाक, २० नॉट वेग, दारं नाहीतच, आणि नाकावरून पुढे सरकणारा ११२ फुटी ॲल्युमिनियमचा रॅम्प. देखणी कल्पना, पण रॅम्प सरकवणारी यंत्रणा उघड्यावर आणि किचकट. तिची देखभाल जमणार नसेल तर जुनी दारंच बरी.

रणगाडे आत कसे ठेवतात, यात दोन गोष्टी चुकतात. पोलादी साखळीपट्टा पोलादी डेकवर घसरतो, म्हणून खाली लाकूड किंवा रबर लागतं आणि प्रत्येक रणगाड्याला डेकमधल्या खोबणींतून चारही कोपऱ्यांनी साखळ्या आणि त्या आवळायचे टर्नबकल. पहिल्या रात्रीनंतर त्या सैल होतातच, पुन्हा आवळाव्या लागतात. दुसरी गोष्ट धुराची. बंद डेकवर सगळ्यांनी एकदम इंजिनं सुरू केली तर कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत धोक्याच्या पातळीला जातो. अमेरिकेने १९४२ मध्ये केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, समुद्रापासून कितीतरी दूर, एलएसटीच्या डेकची पूर्ण आकाराची इमारत बांधली ती फक्त ही हवा खेळवण्याची पद्धत तपासायला. आधी पंखे, मग दारं, मग पुढच्या रांगेची इंजिनं. पुढची रांग हलली की मागची.

राहिला लहान बोटींचा प्रश्न. किनाऱ्यावरून मारा होत असेल तर एवढं मोठं, संथ जहाज तास-दोन तास एका जागी बांधून ठेवणं परवडत नाही. तिथे मोठं जहाज दूर ठेवून एलसीयू, म्हणजे किनाऱ्याला टेकणाऱ्या लहान उतराई बोटी, पाठवणंच योग्य. आपली एलसीयू मार्क ४ सुमारे ६३ मीटर लांब आणि ८३० टनांची आहेत, तीही रणगाडा नेतात. पण मोठ्या जहाजातून खवळलेल्या पाण्यात ४०-५० टनांचं वाहन लहान बोटीत उतरवणं हे स्वतःच जोखमीचं काम, आणि दर फेरीला थोडाच माल जातो. किनारा शांत असेल, धक्का नसेल किंवा चक्रीवादळात वाहून गेला असेल, आणि ट्रक, जनरेटर, पाण्याचे टँकर चाकांवरच खाली हवे असतील, तर एलएसटी एका भरतीत जे उतरवतं त्याला बोटींना दिवस लागतो. पुळणीचा उतार ४० ला १ च्या आसपास, वाळू घट्ट, दांडा नाही आणि भांगाकडून उधाणाकडे जाणारे दिवस असतील तर मी डोळे झाकून एलएसटी सुचवेन. यातली पहिली तीन मोजलेली नसतील तर आधी खोली मोजणारी बोट पाठवायला सांगेन, आणि तोवर जहाज बाहेर खोल पाण्यात नांगरून ठेवेन.